अकरा दिवसांत फिरलेला निर्णय आणि मला दिलेला शब्द: नायजेल फराज यांना खुले पत्र

माननीय श्री. नायजेल फराज, तसेच ब्रिटनमध्ये स्थलांतर रोखण्याच्या मुद्द्यावर निवडणूक लढवणाऱ्या आणि लढवू इच्छिणाऱ्या सर्व नेत्यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी वुल्वरहॅम्प्टनमध्ये राहते. मूळची मी मिरजेची. २००८ साली परिचारिका म्हणून या देशात आले आणि २०१३ साली मला येथे कायम राहण्याची परवानगी मिळाली, जिला इथे ‘इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन’ म्हणतात आणि आम्ही घरात नुसते ‘आयएलआर’ म्हणतो. माझा पासपोर्ट आजही भारतीय आहे. तरीही ४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मी मतदान केले, कारण राष्ट्रकुलातील देशाचा जो नागरिक येथे रीतसर राहतो, त्याला या देशाच्या कायद्याने संसदेच्या निवडणुकीत मताचा अधिकार दिलेला आहे. तेव्हा हे पत्र एका मतदाराने उमेदवारांना लिहिलेले पत्र आहे, एवढे प्रथम नोंदवते. त्याची इंग्रजी प्रत मी टपालाने पाठवली आहे. मराठीत ते सर्वांसमोर ठेवण्याचे कारण असे की, इथल्या कितीतरी मराठी घरांत आपल्याला मत आहे हेच ठाऊक नसते. दहा-दहा वर्षे कर भरणारी, कौन्सिल टॅक्सचे बिल वेळेवर चुकते करणारी माणसे ‘आपला पासपोर्ट भारतीय, आपल्याला कुठले मत’ असे समजून मतदार यादीत नावच घालत नाहीत.

त्या सकाळी मी रात्रपाळी संपवून थेट मतदान केंद्रावर गेले होते. चर्चच्या सभागृहात दोन टेबले आणि पुठ्ठ्याचा आडोसा होता, आणि आत दोरीने बांधलेली पेन्सिल होती. ओळखपत्र म्हणून मी निळा भारतीय पासपोर्ट पुढे केला. टेबलापलीकडच्या बाईंनी तो उघडला, फोटो पाहिला, यादीतल्या माझ्या नावावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि मतपत्रिका हातात दिली. त्यांना त्यात काहीच वेगळे वाटले नाही. मला मात्र तो क्षण अजून आठवतो, कारण एकाच वेळी मी भारताची नागरिक आणि या गावाची मतदार आहे, हे मला त्या टेबलापाशी कोणी न बोलता मान्य केले होते.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या ‘रिफॉर्म यूके’ पक्षाने जाहीर केले की सत्ता आल्यास आयएलआर रद्द करू, त्याऐवजी दर पाच वर्षांनी नव्याने मागावा लागणारा व्हिसा आणू, त्याला पगाराची आणि इंग्रजीची अधिक कडक अट लावू आणि हे ज्यांना परवानगी आधीच मिळालेली आहे त्यांनाही लागू करू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका वृद्ध रुग्णाच्या पायाला पट्टी बांधत होते. विलेनहॉलच्या कुलपांच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेलेली. पायावरच्या जुन्या व्रणाची पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत एकसारख्या ताणाने नेत जावी लागते. हात मध्येच सैल पडला तर सगळी सोडून पहिल्यापासून बांधावी लागते. मी घोट्यापर्यंत आले असताना त्यांनी विचारले, “तुला जावं लागणार नाही ना?” मग थोडे थांबून म्हणाले की मागच्या निवडणुकीत त्यांनी रिफॉर्म यूकेलाच मत दिले होते, पण ते तुझ्यासारखीसाठी नव्हते दिले. मी पट्टी सोडली आणि पुन्हा बोटांपासून सुरुवात केली. त्यांच्या मनात मी नव्हते, यावर माझा विश्वास आहे. आपल्या घोषणेच्या मजकुरात मात्र मी होते.

कोणाला किती संख्येने येऊ द्यायचे हे ठरवण्याचा या देशाला पूर्ण अधिकार आहे, हे मला मान्य आहे. डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात, कौन्सिलच्या घरांची यादी सरकत नाही, टायरचा मोठा कारखाना २०१६ साली बंद पडल्यावर या गावात काय झाले, हे मी वॉर्डातल्या माणसांच्या तोंडून रोज ऐकते. त्यांच्या चिंतेला मी द्वेष म्हणत नाही आणि आपल्यालाही म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. निवडणुकीला उभे राहायचे की नाही, कुठून राहायचे, कधी माघार घ्यायची आणि कधी परतायचे, याचे जे स्वातंत्र्य आपण स्वतःसाठी घेतले, त्याची किंमत दर वेळी आमच्यासारख्यांनी मोजली आहे. आणि आता जो एक शब्द या देशाने आम्हाला दिला होता, तोही आपण परत मागत आहात.

पहिली तक्रार त्या स्वातंत्र्याबद्दलच आहे. २३ मे २०२४ रोजी आपण जाहीर केले की ही निवडणूक आपण लढवणार नाही, कारण अमेरिकेतल्या निवडणुकीत मदत करणे आपल्याला अधिक महत्त्वाचे वाटते. ३ जूनला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी, आपण पक्षाचे नेतृत्व हाती घेतले आणि क्लॅक्टनमधून उभे राहण्याची घोषणा केली. लोकांनी आग्रह केला म्हणून मन बदलले, असे आपण सांगितले आणि लोकांनी ते मनापासून स्वीकारले. ८,४०५ मतांच्या आघाडीने आपण निवडून आलात. त्याआधी १९९४ ते २०१५ या काळात आपण सात वेळा संसदेसाठी उभे राहिलात आणि सातही वेळा हरलात. २०१० मध्ये तर मतदानाच्याच दिवशी प्रचाराच्या विमानाच्या अपघातातून आपण थोडक्यात वाचलात. इतक्या पराभवांनंतर आठव्यांदा उभे राहणाऱ्या माणसाच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे आणि तो मी मोकळेपणाने व्यक्त करते. आमच्याकडे ज्यांचे नाव अजून आदराने घेतले जाते ते मुंबईचे दादाभाई नवरोजी १८८६ साली होबर्नमध्ये हरले होते आणि १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले होते. पुन्हा उभे राहण्याची मुभा असणे ही लोकशाहीतली फार मोठी गोष्ट आहे.

पण याच काळात आपण संसदेबाहेर राहूनही या देशाचा रस्ता बदलत होता. जानेवारी २०१३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी युरोपीय संघात राहायचे की नाही यावर सार्वमताचे वचन दिले तेव्हा आपल्या तेव्हाच्या ‘यूकिप’ पक्षाचा निवडून आलेला एकही खासदार नव्हता. आपल्या पक्षाकडे वळणाऱ्या मतदारांची धास्ती हे त्या वचनामागचे एक मोठे कारण होते, हे कोणी नाकारत नाही. सार्वमत जिंकल्यावर ४ जुलै २०१६ रोजी आपण नेतृत्व सोडले. पुढची गुंतागुंत इतरांनी निस्तरली. २०१९ मध्ये ‘ब्रेक्झिट पार्टी’ या नव्या पक्षासह परतलात, स्वतः उभे राहणार नाही असे सांगितलेत आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आधी जिंकलेल्या ३१७ जागांवरचे उमेदवार मागे घेतलेत. डावपेच म्हणून ते योग्य असेल. मतदार म्हणून मला एवढेच दिसते की ज्या माणसाच्या भाषणांनी स्थलांतराबद्दलची या देशाची भाषा ठरत होती, त्याला मतपत्रिकेवर प्रश्न विचारण्याची सोय त्या त्या वेळी बहुतेकांना नव्हती. जो उभा राहतो त्याला दारोदार जावे लागते आणि दार उघडणारी बाई माझ्यासारखी असू शकते. जो उभा राहत नाही त्याच्यासमोर मी कधी येतच नाही.

दुसरी तक्रार मला जास्त लागलेली आहे. एप्रिल २०१५ मध्ये, साऊथ थॅनेटच्या प्रचारात, आपण सांगितले होते की पूर्व युरोपातल्या काही देशांतून येणाऱ्यांपेक्षा भारत आणि ऑस्ट्रेलियातून येणारे लोक आपल्याला थोडे अधिक पसंत आहेत, कारण त्यांना इंग्रजी येण्याची, इथला कायदा समजण्याची आणि या देशाशी नाते असण्याची शक्यता जास्त असते. ते ऐकून आमच्या ओळखीतल्या कितीतरी भारतीय कुटुंबांना बरे वाटले होते. मलाही वाटले होते, हे कबूल करते, आणि आज त्याचे वाईट वाटते. कारण पोलंडहून आलेली माझी सहकारी त्याच वॉर्डात, त्याच पगारावर, तेच काम करत होती, आणि तिला कमी लेखून मिळालेली शाबासकी मी घ्यायला नको होती. दहा वर्षांनंतर आलेल्या आपल्या योजनेतून युरोपीय संघाच्या ज्या नागरिकांना करारानुसार कायम राहण्याचा हक्क आहे त्यांना वगळलेले आहे आणि आम्ही, आपल्या पसंतीचे, तिच्यात आहोत. माझ्या सहकारीचा हक्क सुरक्षित राहिला याचा मला आनंद आहे. तो करारात लिहिलेला होता म्हणून राहिला. आमच्याबाबतीत होती ती केवळ पसंती, आणि ती पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकली.

आता त्या शब्दाबद्दल. आयएलआर म्हणजे सवलत असते असा समज पसरवला जात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पाच वर्षे मी व्हिसाच्या अटींवर काम केले, त्या काळात नोकरी गेली असती तर देश सोडावा लागला असता. ‘लाइफ इन द यूके’ या परीक्षेचे चोवीस प्रश्न मी पाळ्यांच्या मधल्या वेळात अभ्यास करून सोडवले. शुल्क भरले, तेच शुल्क २०२५ मध्ये माणशी ३,०२९ पौंडांवर गेले. या सगळ्याच्या शेवटी जो कागद मिळाला, त्यावर मुदत नव्हती. त्या मुदत नसण्यावर भरवसा ठेवून आम्ही घराचे कर्ज काढले. माझा मुलगा २०१४ साली इथे जन्मला आणि आईला कायम राहण्याची परवानगी असल्यामुळे जन्मतःच ब्रिटिश नागरिक झाला. आपल्या योजनेत त्याचा मुक्काम पक्का आहे आणि त्याच्या आईचा पाच वर्षांपुरता. अकरा वर्षांच्या मुलाने मला विचारले की पगार कमी पडला तर तू जाशील का, तेव्हा मी त्याला जे उत्तर दिले ते खरे आहे की नाही हे मला माहीत नाही.

मग नागरिकत्व का घेतले नाही, असे आपण विचाराल आणि तो प्रश्न रास्त आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जातो. नंतर ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय असल्याचे, कार्ड मिळते, पण त्यावर मत नसते आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या वडिलांची मिरज तालुक्यात थोडी जमीन आहे. वारसाने ती मला येऊ शकेल हे त्यांना वकिलाने समजावले होते, तरी त्यांचा प्रश्न जमिनीचा नव्हताच. “म्हणजे तू तुझ्याच घरी परदेशी म्हणून येणार का गं?” असे त्यांनी फोनवर विचारले होते. मी त्यांना सांगितले की तशी वेळ येणार नाही, कारण या देशाने मला पासपोर्ट न बदलता राहू दिले आहे. माझ्यासारख्या हजारो जणांनी हाच हिशोब केला. नियम वाचून, नियमांवर विसंबून केला. उद्याच्या येणाऱ्यांसाठी नियम बदलायचा असेल तर तो बदलावा. ज्यांनी कालच्या नियमावर आयुष्य उभे केले त्यांच्यासाठी तो मागे जाऊन बदलू नये.

आणखी एक गोष्ट या चर्चेत फारशी कोणी बोलताना दिसत नाही. राष्ट्रकुलातील नागरिकाला येथे संसदेसाठी उमेदवार म्हणून उभे राहता येते, पण त्यासाठी त्याला देशात राहण्यास परवानगीच लागत नसावी किंवा त्याच्याकडे आयएलआर असावा, अशी कायद्याची अट आहे. म्हणजे आज मी आपल्याविरुद्ध क्लॅक्टनमध्ये उभी राहू शकते: तिथल्या दहा मतदारांच्या सह्या आणि ५०० पौंडांची अनामत, एवढेच लागते. माझा तसा विचार नाही, रात्रपाळ्यांतून सवडही नाही. पण कायदा आहे तसा राहून आयएलआर संपला, तर हा हक्क माझ्यासारख्यांचा जाईल. आपण आठ वेळा उभे राहिलात. आमच्यातल्या कोणाला एकदाही राहता येऊ नये, असा या योजनेचा परिणाम आहे. तो हेतुपुरस्सर आहे की लक्षात आलेला नाही, हे आपण स्पष्ट करावे.

मी ज्या गावात राहते, त्या गावाला उमेदवारीच्या अशा निर्णयांचा जुना अनुभव आहे. इनॉक पॉवेल हे वुल्वरहॅम्प्टन साऊथ वेस्टचे १९५० पासूनचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांनी स्थलांतराविरुद्धचे ते प्रसिद्ध भाषण केले, ज्यात याच गावातल्या रस्त्यांचा आणि माणसांचा दाखला होता. त्या वेळी इथल्या बसवर काम करणाऱ्या शीख कामगारांचा पगडी बांधण्याच्या हक्कासाठी लढा चालू होता. माझ्या शेजारच्या वयस्क पंजाबी गृहस्थांनी ते दिवस पाहिलेले आहेत. शाळेच्या वाटेवर काय ऐकावे लागे हे ते सांगतात तेव्हा त्यांचा आवाज अजून खाली जातो. फेब्रुवारी १९७४ मध्ये युरोपच्या प्रश्नावर पक्षाशी मतभेद झाले म्हणून पॉवेल यांनी येथून उभे राहण्यास नकार दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते उत्तर आयर्लंडमधल्या साऊथ डाउनमधून निवडून गेले. त्यांचा तो निर्णय तत्त्वाचा होता असे मानणारे आहेत. पण ज्या गल्ल्यांचे उदाहरण देऊन ते देशभर गाजले, त्या गल्ल्यांतली माणसे, गोरी आणि काळी-सावळी दोन्ही, एकमेकांच्या शेजारी राहायला मागे उरली. बोलणारा निघून गेल्यावर ते बोलणे निस्तरण्याचे काम त्यांनी केले. २०१० साली त्याच जागेवरून पॉल उप्पल हे शीख गृहस्थ, तेही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचेच, निवडून आले. त्यामागे पस्तीस वर्षांचा शेजार होता.

माजी गृहमंत्री श्रीमती सुएला ब्रेव्हरमन यांच्याविषयीही मला लिहावेसे वाटते, कारण त्यांचे वडील मूळ गोव्याचे, केनियातून आलेले आणि आई मॉरिशसहून परिचारिका म्हणून आलेल्या. श्रीमती ब्रेव्हरमन २००५ साली लेस्टर ईस्टमधून पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा समोर कीथ वाझ होते, तेही मूळ गोव्याच्याच कुटुंबातले. स्थलांतरितांची दोन मुले एका ब्रिटिश जागेसाठी लढत होती. त्यांच्या आईनेही त्याआधी संसदेची निवडणूक लढवली होती. त्याच श्रीमती ब्रेव्हरमन गृहमंत्री असताना ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हणाल्या की व्हिसाची मुदत संपल्यावर राहणाऱ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. बाई, आपल्या मतांवर माझा आक्षेप असला तरी ती मते ठेवण्याचा आपला हक्क मी मानते. परंतु वॉर्डात काम करणाऱ्या एका स्थलांतरित परिचारिकेची मुलगी उमेदवार होऊ शकली, ती आईचा मुक्काम पक्का होता म्हणून. दर पाच वर्षांनी पगाराची पावती दाखवून राहणाऱ्या आईने मुलीला राजकारणात जा असे सांगितले असते का, याचा आपण विचार करावा, ही कळकळीची विनंती आहे.

हे केवळ एका पक्षाचे नाही, हेही लिहायला हवे. श्री. फराज, आपल्या पक्षाची मते वाढताच सत्ताधारी मजूर पक्षाने मे २०२५ मध्ये कायम राहण्यासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. त्या पक्षाच्या माझ्या खासदारांना मी वेगळे पत्र लिहिले आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत केव्हाही होऊ शकते. तिच्यासाठी अर्ज भरण्याआधी, ज्यांना आयएलआर आधीच मिळालेला आहे त्यांचा हक्क काढून घेतला जाणार नाही, असे आपण आणि आपल्या प्रत्येक उमेदवाराने लेखी जाहीर करावे. ते मान्य नसेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे, म्हणजे माझ्या रुग्णासारख्या मतदाराला आपण कोणासाठी मत देत आहोत हे कळेल. राष्ट्रकुलातील कायम रहिवाशांचा उमेदवारीचा हक्क अबाधित ठेवावा. भाषणांत छोट्या होड्यांतून येणारे लोक, विद्यार्थी, व्हिसावर काम करणारे आणि कायमचे रहिवासी यांचा उल्लेख एकाच आकड्यात करू नये. जिथे स्थलांतरितांची वस्ती देशाच्या मानाने फार कमी आहे अशा मतदारसंघातून उभे राहण्यास माझी हरकत नाही, पण प्रचाराच्या काळात निदान एक जाहीर सभा वुल्वरहॅम्प्टन, लेस्टर किंवा ब्रेंटमध्ये घ्यावी आणि तिथे मतदारांचे प्रश्न घ्यावेत. आणि या वेळी उभे राहणार की नाही, निवडून आल्यास पूर्ण मुदत काम करणार की नाही, हे निवडणूक जाहीर होण्याआधी सांगावे आणि त्यावर ठाम राहावे.

सभा वुल्वरहॅम्प्टनला ठरली तर मला कळवावे. मी पाळी बदलून येईन, पुढच्या रांगेत बसेन, आणि निळा पासपोर्ट सोबत आणीन.

आपली,
वुल्वरहॅम्प्टन वेस्ट मतदारसंघातील एक मतदार